कप्तानाचं मैदान

"वलांड्या सोडाच्या का नाय, येवरं तरी सांग," राजाराम म्हणाला.

त्याच्या बायकोने, सरूबाईने मान वर केली नाही. ती टोपलीतून दोन बोंबील उचलायची, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायची आणि ती जोडी आडव्या बांबूवर टाकायची. पुन्हा दोन. सकाळचे सात वाजले होते आणि नोटिशीत लिहिलं होतं की शनिवारी नऊच्या आत मैदान मोकळं पाहिजे.

"मना कनाला विचारतंस?" ती म्हणाली. "मैदान तुजं, कप्तान तुजा, घोरा तुजा. आमी आपल्या काल आयलेल्या बायका."

चार दिवसांत ती त्याच्याशी एवढं बोलली, तेही त्याने विचारलं म्हणून. राजारामाने बांबूवर हात ठेवला आणि परत काढून घेतला. मैदानावर अकरा जणींच्या वलांड्या होत्या, म्हणजे बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या उंच रांगा. नोटीस वाचता येत नसल्यासारख्या अकराही जणी कामाला लागल्या होत्या. त्यांतल्या निदान सात जणींना उत्तम वाचता येत होतं.

शेवरे बंदर नकाशावर मुंबईतच आहे. बोरिवलीच्या जेटीवरून होडीत बसलं की अर्ध्या तासात येतं. गावात पोर्तुगीजांचा एक अर्धा पडका बुरूज आहे, छप्पर नसलेलं चर्च आहे, एक गोड्या पाण्याची विहीर आहे जिचं पाणी आता कोणी पीत नाही. आणि या सगळ्याच्या पुढ्यात, समुद्राला लागून, हे मैदान. गाव त्याला खळं म्हणतं. बोंबलाला ऊन लागतं आणि उत्तरेचा वारा लागतो, आणि हे दोन्ही गावात एकाच जागी सरळ येतं, ते इथे.

राजाराम तीस वर्षं तांडेल होता. बोट कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं, हे तो सांगायचा आणि सात माणसं मुकाट ऐकायची. मग एका पहाटे जाळं ओढायच्या यंत्राच्या दोरात उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि वर्षभरात बोटही विकली. त्यानंतरची काही वर्षं तो घरात नुसता मधेमधे येत होता. सरूबाई झाडू मारायला लागली की पाय वर घ्यायचा आणि जेवायला वाढलं की जेवायचा. सांगण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ होतं, पण गावात प्रत्येकाकडे तेच होतं.

मग पार्ल्याची गंधाली आली. इतिहास शिकलेली, तिशीची, पायात बूट आणि पाठीला पिशवी. दर रविवारी पंधरा-वीस पाहुणे घेऊन यायची आणि त्यांना जुनं शेवरे दाखवायची. एकदा विहिरीपाशी ती काहीतरी चुकीचं सांगत होती आणि राजाराम तिथे बसला होता. त्याने दुरुस्त केलं. ती चिडली नाही. "काका, तुम्हीच सांगा ना," म्हणाली. पुढच्या रविवारी राजाराम पांढरा शर्ट इस्त्री करून तिच्या आधी विहिरीवर हजर होता.

त्याने सांगितलेलं बहुतेक खरं होतं, हे त्याच्या बाजूने म्हटलं पाहिजे. बुरुजाचं खरं, विहिरीचं खरं, मोठ्या वादळाचं तर अगदी अक्षरशः खरं. घोटाळा मैदानापाशी झाला. गॉगल घातलेले एक गृहस्थ बोंबलांकडे बघून गंधालीला म्हणाले होते, "इथं काही नाही, फक्त वास आहे. पुढे जाऊ या." बाकीचे वळलेसुद्धा. राजारामाला ते फार लागलं. त्याची आई, आजी, बायको, सगळ्या ज्या जमिनीवर वाकून म्हाताऱ्या झाल्या तिथे म्हणे काही नाही.

"या मैदानाला साधं समजू नका," तो मागून म्हणाला. "कप्तान मिंगेलचं कवायतीचं मैदान आहे हे."

सगळे थांबले. गॉगलवालेही थांबले. कप्तानाचा पांढरा घोडा सकाळ-संध्याकाळ इथे फिरायचा, हे राजारामाला त्या क्षणी सुचलं. मैदानाच्या कडेने काळ्या खडकाची लांब पट्टी होती, तिच्यात मुठीएवढी भोकं कोरलेली होती. ती कप्तानाच्या निशाणांच्या काठ्यांची, हेही सुचलं. मग एका मुलीने विचारलं की मग हे मासे? आता त्याला ते जुळवून घेणं भाग होतं. तो म्हणाला, "ते अलीकडचं. पंधरा-वीस वर्षांतलं. आधी इथे कोणी पाय ठेवत नसे."

हे शेवटचं वाक्य नसतं तर एवढं काही बिघडलं नसतं. पण ते पाहुण्यांना आवडलं आणि दर रविवारी लागू लागलं. दीड वर्षात घोड्याचे सात घोडे झाले. गावात सगळ्यांना हे माहीत होतं. संध्याकाळी बायका एकमेकींना विचारत, आज किती घोरे आयले. रविवारी पाहुणे घरांत जेवत, सुकट विकत नेत, म्हणून कोणी बाहेर बोललं नाही. गंधालीला मात्र कोणी सांगितलंच नाही. तिने त्याचं बोलणं कॅमेऱ्यात टिपलं, टाइप केलं, आणि जुन्या जागा जपणाऱ्या एका समितीकडे अर्जासोबत पाठवलं. प्रेमानेच पाठवलं.

समितीचं पत्र, म्हणजे तीच नोटीस, मंगळवारी आलं. कप्तानाचं मैदान संरक्षित करायचा प्रस्ताव होता. शनिवारी पाहणी. मैदानावरचं मासळीचं काम अलीकडचं असल्याने ते कायमचं हलवून खाडीमागच्या जागेवर न्यावं. खाडीमागे खारफुटी आहे. तिथे वारा येत नाही आणि दुपारनंतर ऊनही येत नाही. तिथे बोंबील वाळत नाही, किडतो.

त्या दिवशी सरूबाईने पत्र दोनदा वाचून घेतलं आणि घडी करून राजारामाच्या मांडीवर ठेवलं.

"मी नाय सांगनार," ती म्हणाली होती. "बायकांनाबी बोललूय, कोनी सांगाचं नाय. मानसांम्होरं नवऱ्याला खोटा पाराचं, ते मना जमनार नाय. तू सांग. नाय सांगलंस तर मी खाडीमागं जाईन."

आरडाओरडा केला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

साडेआठला विकी आला. राजारामाच्या भावाचा मुलगा, गावच्या मंडळाचा अध्यक्ष. मोटरसायकल चालू ठेवूनच बोलला.

"काका, एवढंच कर. ते विचारतील, तू मान हलव. बस. हेरिटेज झालं तर जेटी नीट होईल, लाइट येईल, संडास येतील. समजतंय ना?"

"आनि वलांड्या?"

"यार, बोंबील काय कुठेपण सुकतात."

"कुठंपन नाय सुकत," राजाराम म्हणाला. "तू कवा सुकवलंस?"

"आणि तू कवा सुकवलंस?" विकी म्हणाला. हे बरोबर होतं. बोंबील बाप्ये पकडतात आणि बायका सुकवतात. राजारामाने उभ्या जन्मात एक जोडी बांबूवर टाकली नव्हती. "आता तू खोटं बोललो म्हणालास तर आपली पूर्ण वाट लागेल. परत कोण विश्वास ठेवणार गावावर? तू बोललायस ना, आता निभाव."

विकी गेला. त्याच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही, आणि त्यामुळेच राजाराम जास्त घाबरला. चर्चच्या भिंतीला कप्तानाच्या मैदानाचा, समितीने पाठवलेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फलक टेकवून ठेवला होता. तो गुरुवारच्या होडीने आला होता. मैदानाच्या तोंडाशी त्याच्या खांबांसाठी दोन खड्डेही खणून झाले होते. गुरुवारी संध्याकाळी आसपास कोणी नाही असं बघून राजारामाने प्लास्टिकचा एक कोपरा सोडवला होता. खाली बारीक अक्षरांत होतं, माहिती : श्री. राजाराम हरी कोळी, स्थानिक इतिहासाचे जाणकार. त्याचं नाव आजवर रेशनकार्डावर, मतदार यादीत आणि इस्पितळाच्या कागदावर छापलं गेलं होतं. इथे ते पोलादावर कोरलेलं होतं. त्याने त्यावरून बोट फिरवलं होतं आणि कोपरा होता तसा चिकटवून टाकला होता.

नऊची होडी नऊ दहाला लागली.

गंधाली पुढे होती. तिच्यामागे समितीचे देवव्रत सबनीस, पासष्टीचे, उंच, कोरडे, डोक्यावर कापडी टोपी. आणि त्यांच्यामागे त्यांचा लिपिक भाऊराव, जो वाकोल्याहून तीन वाहनं बदलून आला होता आणि होडीत बसायची त्याची ही पहिलीच वेळ होती. त्याने फाइल छातीशी दोन्ही हातांनी धरली होती.

"काका," गंधाली हसून म्हणाली, "आज तुमचा दिवस." मग तिने मैदानाकडे पाहिलं. "अजून मोकळं नाही केलं?"

राजारामाने काहीतरी पुटपुटल्यासारखं केलं. त्याच्या अंगात पांढरा शर्ट होता आणि पाठीवर तो आत्ताच ओला झाला होता.

सबनीस साहेबांनी बुरूज बघितला, चर्च बघितलं, विहीर बघितली. प्रत्येक ठिकाणी ते दोन-तीन प्रश्न विचारत आणि राजाराम नीट उत्तरं देई. खरं सांगताना त्याचा आवाज नेहमीसारखा भरदार होता. साहेबांनी एकदा मान डोलावली. भाऊराव लिहीत होता. मैदान जवळ येऊ लागलं तसा राजाराम मागे पडू लागला. अर्धं गाव मैदानाच्या कडेला जमलं होतं. विकीने हाताची घडी घातली होती.

"आता मुख्य जागा," साहेब म्हणाले. "भाऊराव, वेळ घाला."

अकरा जणी आपापल्या रांगांसमोर उभ्या होत्या. बोंबील वाऱ्याने एकमेकांवर घासत होते तेवढाच आवाज.

"नोटीस मिळाली होती ना तुम्हाला?" साहेबांनी सरूबाईला विचारलं, कारण ती सगळ्यांत पुढे होती.

"मिलाली."

"मग हे काढलं का नाही?"

"वालले नाय अजून. आज तिसरा दिस हाय. अर्धे काढले तर फेकाला लागतील."

"बाई, तुमची अडचण मला कळते. पण ही जागा ऐतिहासिक आहे. तुमचं काम इथे पंधरा-वीस वर्षांपूर्वी सुरू झालं."

"कोन बोललं?"

साहेबांनी भाऊरावाकडे हात केला. भाऊरावाने फाइल उघडून कागद दिला. साहेबांनी चष्मा सावरला आणि वाचलं, "'ते अलीकडचं. पंधरा-वीस वर्षांतलं. आधी इथे कोणी पाय ठेवत नसे.' राजाराम हरी कोळी." त्यांनी कागद खाली केला. "तुमचे कोण हे?"

"नवरा हाय माजा," सरूबाई म्हणाली.

"मग तेच सांगतायत."

सरूबाईने राजारामाकडे बघितलं. तिच्या बघण्यात राग असता, विनवणी असती तर त्याला निदान काहीतरी करता आलं असतं. ती नुसती वाट बघत होती, जशी ती पूर्वी बंदरावर बोटीची वाट बघायची, काही न बोलता, इतर बायकांत मिसळून. मग तिने वळून वरच्या बांबूची गाठ सोडायला घेतली. तिच्यामागे बाकीच्या बायकांनीही हात वर केले.

"साहेब," राजाराम म्हणाला. "साहेब, ते मी खोटं सांगितलं."

गंधालीचं हसू चेहऱ्यावर राहिलं, पण ते आता कशासाठी होतं हे तिलाही ठाऊक नसावं.

"काय खोटं?" साहेबांनी विचारलं.

"सगळं. या मैदानाचं सगळं. कप्तान नव्हता, घोडा नव्हता. मिंगेल हे नाव पलीकडच्या गावातल्या बर्फवाल्याचं आहे. आम्ही त्याच्याकडून बर्फ घ्यायचो. इथे कवायत कधी झाली नाही. इथे बोंबील सुकतात. माझी आई सुकवायची, तिची सासू सुकवायची. त्याच्या आधी कोण ते मला माहीत नाही, पण इथंच."

"काका," विकी मागून म्हणाला.

"गप रे तू."

साहेबांना राग आलेला दिसला नाही. त्यांनी टोपी काढली, टक्कल पुसलं, परत घातली.

"राजारामजी, मी तुम्हाला एक सरळ विचारतो. ही मुलाखत दिलीत तेव्हा खोटं बोलायला तुम्हाला काही कारण नव्हतं. आज आहे. तुमच्या पत्नीचं काम इथून उठतंय. मग मी कुठलं खरं धरू?"

चार रात्री राजारामाने खोटं कबूल कसं करायचं याचा विचार केला होता. कबूल केल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तेव्हाही कारण होतं," तो म्हणाला.

"काय?"

"लोक ऐकत होते माझं." त्याने तीन बोटांचा हात पाठीमागे घेतला. "दुसरं काही नाही. बोट गेल्यावर माझं कोणी ऐकत नव्हतं. रविवारी हे लोक ऐकायचे. म्हणून सांगत गेलो. आणि हिच्याबद्दल, या बायकांबद्दल खोटं सांगितलं ते, मैदान मोठं वाटावं म्हणून. बोंबील सांगितले तर लोक पुढे जातात."

सरूबाईचा हात गाठीवरच थांबला होता.

"हे ठीक आहे," साहेब म्हणाले, "पण मला कागद लागतो किंवा वस्तू लागते. तोंडाचं मी एकदा धरलं, बघा काय झालं. या भोकांचं काय? निशाणांची म्हणाला होतात."

"ती वलांडीची भोकं आहेत. बांबू त्यातच उभे आहेत, बघताय ना."

"आज आहेत. निशाणाच्या काठ्या काढून नंतर कोणीही बांबू घालू शकतं."

राजारामाने स्वतःच रचलेलं होतं ते, आणि चांगलं भक्कम रचलं होतं. त्याने खडकाकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं. मग तो सरूबाईपाशी गेला आणि हळूच म्हणाला, "निशानी दाखव."

"ती कोनाला दाखवाची नसते."

"मना ठाव हाय. दाखव."

सरूबाईने क्षणभर विचार केला. मग ती खडकाच्या पट्टीपाशी उकिडवी बसली, कोयता घेतला आणि आपल्या पहिल्या बांबूच्या बुडाशी साचलेला मिठाचा, खवल्यांचा, चिखलाचा थर खरवडू लागली. तो थर दगडासारखाच झाला होता. पाच-सात मिनिटं नुसती खरखर चालली. मग तिने टोपलीखालचं पाणी त्यावर ओतलं आणि पदराने पुसलं.

खडकात दोन आडव्या रेघा आणि एक ठिपका होता. बोटाच्या पेराएवढा. कडा पार गुळगुळीत झालेल्या.

"ही आमची," ती म्हणाली. "चौदा भोकं. दर भोकाशी हाय. सासूनं मना दिली, तिला तिच्या सासूनं. भांडन होव नाय म्हनून कोरतात. लिवाला येत नव्हतं ना कोनाला."

"माझ्या बोटीच्या बोयांवर हीच होती," राजाराम म्हणाला. "बोये म्हणजे जाळ्याला बांधतात ते तरंगणारे. समुद्रात जाळं कोणाचं ते कळावं म्हणून. घरागणिक वेगळी निशाणी."

सरूबाई उठली आणि मागे वळून बायकांना म्हणाली, "दाखवा गं."

दहा जणी दहा ठिकाणी बसल्या. एकीलाही शोधावं लागलं नाही. कोयते खरखरू लागले. कोणाचा त्रिकोण निघाला, कोणाची होडी, कोणाची नुसती फुली. शेवटच्या कोपऱ्यात एक म्हातारी बसली होती, तिची निशाणी अर्धी झिजून गेली होती आणि ती बोट फिरवून उरलेली अर्धी कशी होती ते हवेत दाखवत होती.

साहेब वाकले, पण त्यांच्या आधी गंधाली खाली बसली होती. दीड वर्षं ती या मैदानाच्या कडेला उभी राहून कप्तानाची गोष्ट ऐकवत होती आणि या खडकापासून दहा पावलांवर होती. तिने दोन रेघांवर अंगठा फिरवला. मग त्रिकोणावर. मग म्हातारीच्या अर्ध्या निशाणीवर. तिचे डोळे भरले होते, ते रागाने की कशाने हे सांगता येणार नाही.

"सर," ती वर न बघता म्हणाली, "हा काळा दगड आहे. पंधरा वर्षांत असा झिजत नाही. शंभर वर्षांतही कदाचित नाही." ती थांबली. "माझा अर्ज मी मागे घेते. यांचं बोलणं मी तपासलं नव्हतं. ते माझं काम होतं."

साहेब एका निशाणीकडून दुसरीकडे गेले, वहीत काढून घेतल्या, भाऊरावाला मोजमापं घ्यायला लावली. शेवटी ते सरूबाईपाशी आले.

"मग हे तर जपायला हवं. या निशाण्यांवर काच घालून..."

"काच नको," सरूबाई म्हणाली. "भोकात बांबू पायजे. रिकामं भोक दोन पावसात भरतं. आमी इथं हाव म्हनून ती हाईत."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा थोडे हसले. "ते लिहा, भाऊराव. जसं म्हणाल्या तसंच." मग राजारामाकडे वळून पुन्हा कोरडे झाले. "नोटीस सध्या थांबवतो. पुढचं समितीत ठरेल, मी शब्द देत नाही. फलक परत जाईल. तुमचा जुना जबाब रद्द करून नवा लागेल. आणि यापुढे तुमची माहिती आम्हाला कुठेच वापरता येणार नाही. विहिरीची नाही, वादळाचीसुद्धा नाही. समजलं ना?"

"समजलं."

विहिरीचं खरं होतं. वादळाचं तर त्याच्या डोळ्यांसमोर घडलं होतं.

चर्चच्या पायरीवर बसून भाऊरावाने नवा जबाब लिहून घेतला. त्याचं अक्षर सुरेख होतं आणि तो सावकाश लिहायचा. नाव, वय, राहणार. मग त्याने जुना कागद समोर धरला. "इथे व्यवसायात जाणकार असं घातलंय," तो संकोचून म्हणाला.

"ते काट."

"मग काय घालू? तांडेल?"

"बोट नाही आता."

"काहीतरी घालावं लागतं, काका. रकाना आहे."

"मोकळा ठेव," राजाराम म्हणाला आणि तीन बोटांत पेन धरून त्याने सही केली.

अकराच्या होडीने सगळे गेले. फलक भाऊराव आणि होडीवाला असे दोघांनी मिळून चढवला. एरवी राजाराम गंधालीला सोडायला जेटीच्या टोकापर्यंत जायचा. आज तो अर्ध्या वाटेवर थांबला. होडी सुटायच्या आधी ती खाली उतरून त्याच्यापर्यंत आली.

"काका, आठशे लोकांना मी तो घोडा सांगितलाय," ती म्हणाली. "आठशे. त्यांना आता मी काय सांगू?"

राजारामाला माफी मागायची होती. पण ज्या तोंडाने दीड वर्षं तिला फसवलं त्याच तोंडाने माफी मागितली तर ती तिने का खरी मानावी, हे त्याला सुचेना. त्याने फक्त मान खाली घातली. ती थोडी थांबली आणि मग गेली.

विकी त्यानंतर आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही. पारावर राजाराम आला की माणसं एकदम जाळ्याच्या किमतीबद्दल बोलू लागत. घरी मात्र त्या दुपारी सरूबाईने ताट वाढलं आणि समोर बसली, तेही चार दिवसांनी पहिल्यांदा. जेवण झाल्यावर ती खळ्यावर निघाली तेव्हा तो मागोमाग गेला. सोडलेली गाठ पुन्हा बांधायची होती आणि टोपलीत अजून बोंबील होते. तिने त्याला ये म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी रविवार होता, पण पाहुणे आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी गंधाली येईल की नाही यावर गावात चर्चा होती. ती आली. बारा पाहुणे होते. बुरूज तिने स्वतः सांगितला, विहीर स्वतः सांगितली, त्यातलं एक साल तिचं चुकलं. मग ती सगळ्यांना घेऊन मैदानावर आली आणि खडकापाशी उकिडवी बसून तिने निशाण्या दाखवल्या. कप्तानाचं किंवा घोड्याचं नाव तिने काढलं नाही. दोघे-तिघे नाक मुरडून पुढे गेले, तिने त्यांना जाऊ दिलं.

राजाराम चौथ्या रांगेत होता. अंगात जुना गंजी, डोक्याला टॉवेल. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायला पाचही बोटं लागतात, त्याला ते डाव्या हाताने शिकावं लागत होतं आणि दर तिसरी जोडी खाली पडत होती. एक पाहुण्या बाई वहीपेन घेऊन त्याच्यापाशी आल्या. त्यांचा चेहरा भाविक होता.

"काका, किती वर्षांपासून करताय हे? पिढ्यान्‌पिढ्या ना?"

राजारामाने मान वर केली. बाईंच्या खांद्यामागे गंधाली उभी होती. ती बोलता बोलता थांबली होती आणि त्याच्याकडे बघत होती. ती आल्यापासून त्या दोघांची नजरानजर झाली ती आत्ताच. दोन-चार पाहुणेही ऐकायला जवळ सरकले. वारा पडला होता, सगळं नीट ऐकू जाण्यासारखं होतं, आणि राजारामाच्या जिभेवर कितीतरी चांगल्या सुरुवाती आल्या.

"आठ दिवस झाले," तो म्हणाला.

बाईंचं पेन वहीवर टेकलं आणि तसंच राहिलं. पलीकडच्या रांगेतून, बोंबलांच्या आडून, सरूबाईचा आवाज आला.

"नऊ. आज धरून नऊ."

"नऊ," राजाराम बाईंना म्हणाला. "आज धरून नऊ."